बसून बोलण्याची परवानगी

१० जुलै २०१४. अरुण जेटली लोकसभेत आपला पहिला अर्थसंकल्प वाचत होते. पाऊण तास झाला असेल नसेल, पाठीच्या दुखण्याने उचल खाल्ली. मधुमेह जुना होता, पाठीची तक्रारही होती. त्यांनी पाच मिनिटांची विश्रांती मागितली. अध्यक्षांच्या आसनावर सुमित्रा महाजन होत्या. माहेर चिपळूणचं, सासर इंदूरचं, आणि सगळ्या इंदूरच्या ‘ताई’. त्यांनी कामकाज थोडा वेळ थांबवलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा जेटलींनी उरलेलं भाषण बसून वाचलं. अर्थसंकल्पाच्या भाषणात मध्यंतर झाल्याची ही पहिलीच वेळ, असं दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी छापलं. एकूण वाचन दोन तासांच्या वर गेलं.

अशा प्रसंगाची गोष्ट आपल्याकडे एकाच चालीवर सांगतात. आजारी असूनही डगमगला नाही, दुखणं अंगावर काढून बोलला, वगैरे. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेपासून गुरुग्रामच्या काचेरी कचेऱ्यांपर्यंत हाच धडा दिला जातो: जिद्द ठेव, छाती काढून उभा राहा. मला त्या जिद्दीपेक्षा त्या बाकाबद्दल जास्त कुतूहल आहे. उभं राहून बोलायचं असा कडक शिरस्ता असलेल्या सभागृहात बसून बोलायची सोय आली कुठून? ती आधी कोणाला मिळाली, कोणाला मिळाली नाही? तिचा माग काढत गेलं की दिसतं, अंगात ताप किंवा पोटात गोळा असताना जी भाषणं चांगली झाली, त्यांच्यामागे जिद्दीहून साध्या तीन गोष्टी होत्या. टेकायला जागा, हातात लिहिलेला कागद, आणि वेळ पडली तर तो कागद वाचणारा दुसरा माणूस.

आधी जागेचं बघू.

९ डिसेंबर १७६२ ला लंडनच्या कॉमन्स सभागृहात थोरल्या विल्यम पिटला नोकरांनी उचलून आणलं. संधिवाताने पाय सुजलेले, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेले. फ्रान्सशी होणाऱ्या तहाला त्याचा विरोध होता आणि तो त्याला स्वतःच्या तोंडाने मांडायचा होता. सुरुवातीला दोघांच्या आधाराने उभा राहिला, मग उभं राहवेना. सभागृहाने एकमुखाने त्याला बसून बोलायची मुभा दिली. त्या काळी ही गोष्ट इतकी अपूर्व होती की तिची स्वतंत्र नोंद झाली. पिट तीन तासांहून जास्त बोलला. मतदान झालं तेव्हा ३१९ विरुद्ध ६५ असा पडला. उत्तम बोललं की जिंकताच येतं असं मानणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

हाच पिट पुढे लॉर्ड चॅटम झाला. ७ एप्रिल १७७८ ला तो कुबड्यांवर, एका बाजूला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला जावई असा, लॉर्ड्सच्या सभागृहात आला. अमेरिकन वसाहतींविषयी बोलला. ड्यूक ऑफ रिचमंडने उत्तर दिलं, त्यावर बोलायला तो पुन्हा उठला आणि कोसळला. महिन्याभराने गेला. ह्या दुसऱ्या प्रसंगावर चित्रकार कोपलीने भलंमोठं चित्र काढलं. बसून बोलल्याच्या प्रसंगावर कोणी काढलं नाही. कोसळण्यात नाट्य असतं, खुर्चीत नसतं.

इंग्रजांची ही रीत त्यांच्या कारभाराबरोबर दिल्लीत आली. १८ जानेवारी १९२७ ला लॉर्ड आयर्विनने रायसिन्याच्या गोल इमारतीचं, काउन्सिल हाउसचं, उद्घाटन केलं. तेव्हापासून त्या इमारतीत बोलायचं असे ते उभं राहून आणि अध्यक्षांना उद्देशून. स्वातंत्र्यानंतर पहिले लोकसभाध्यक्ष झाले ते गणेश वासुदेव मावळणकर. घराणं मूळचं कोकणातल्या मावळंग्याचं, वकिली गुजरातेत. त्यांच्या कारकिर्दीत, १९५२ मध्ये, लोकसभेची नियमावली सिद्ध झाली. आज त्या नियमावलीत ३५१ क्रमांकाचा नियम आहे. सदस्याने आपल्या जागेवरून, उठून, अध्यक्षांना उद्देशून बोलावं, असं त्यात म्हटलंय, आणि लगेच परंतुक आहे की आजारपणामुळे किंवा दुर्बलतेमुळे असमर्थ असलेल्याला बसून बोलायची परवानगी देता येईल. पिटला मिळालेली मेहेरबानी अशी एका ओळीच्या परंतुकात येऊन बसली. जेटलींना २०१४ साली कोणी वेगळी कृपा केली नव्हती. पुस्तकात होतं तेच त्यांनी मागितलं.

मागायला मात्र संकोच वाटतो. १ मार्च १९४५ ला फ्रँकलिन रूझवेल्ट याल्टाहून परतल्यावर अमेरिकन काँग्रेससमोर बसून बोलले. पोलिओने पाय गेल्याला तेव्हा वीसहून अधिक वर्षं झाली होती, पण इतकी वर्षं ते पोलादी पट्ट्या बांधून लोकांपुढे उभे राहत आले होते. त्या दिवशी त्यांनी सुरुवातीलाच बसल्याबद्दल माफी मागितली आणि पायांभोवतीच्या त्या वजनाचा जाहीर उल्लेख केला. जगातला सर्वांत बलाढ्य माणूस खुर्चीत बसल्याबद्दल क्षमा मागतो, तिथे नोएडातल्या एखाद्या कंपनीत तीन वर्षं नोकरी झालेल्या मुलीने चक्कर येत असताना ‘मी बसून बोलू का?’ असं विचारायला कचरावं ह्यात नवल काय.

आणि चक्कर येण्याला शरीरात साधं कारण आहे. माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. निरोगी माणसाच्या रक्तवाहिन्या लगेच आवळून ती तूट भरून काढतात. ताप, उपास, जुलाब, रात्रभर जागरण, मधुमेहाने थकलेल्या नसा, रक्तदाबाच्या गोळ्या, ह्यांतलं काहीही असलं तर भरपाई अपुरी पडते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. भीतीचं यंत्र वेगळं. त्यात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, हात कापतात, लाळ आटते आणि जीभ टाळूला चिकटते. वक्त्यापुढे पाण्याचा पेला ठेवतात तो ह्या आटलेल्या लाळेसाठी. हातातला कागद थरथरतो आणि ती थरथर पाहून माणूस आणखी घाबरतो, म्हणून कागद हातात धरण्याऐवजी पुढच्या मेजावर ठेवायचा. १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक ह्यांनी हृदयरोगासाठी प्रोप्रॅनोलॉल हे औषध शोधलं, त्याबद्दल १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ते धडधड आणि थरथर कमी करतं हे व्हायोलिन वाजवणाऱ्यांनी आणि वक्त्यांनीही हेरलं. दमेकऱ्याला मात्र हीच गोळी धोक्याची, तेव्हा मित्राच्या खिशातून मागून घ्यायची ही चीज नव्हे.

आता कागद आणि तो वाचणारा दुसरा माणूस. ह्या दोघांची वंशावळ मला एकत्रच सापडते, आणि ती सुरू होते एका अत्यंत भित्र्या तरुणापासून.

लंडनमध्ये शिकणारा मोहनदास गांधी शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होता, पण बैठकांत तोंड उघडत नसे. एकदा डॉ. अ‍ॅलिन्सन ह्यांना मंडळातून काढण्याचा प्रस्ताव आला. गांधींना तो अन्यायाचा वाटला. बोलायची हिंमत होईना म्हणून त्यांनी म्हणणं लिहून नेलं, आणि तेही वाचवेना, तेव्हा अध्यक्षांनी दुसऱ्याकडून वाचून घेतलं. पुढे व्हेंटनरला भाषण करायचं ठरलं. ते जेमतेम एका फुलस्केप कागदाचं होतं. उभे राहिले तर अक्षरं पुसट झाली, अंग कापायला लागलं. बरोबरच्या मजमुदारांनी तो कागद घेऊन वाचला. मुंबईत परतल्यावर स्मॉल कॉजेस कोर्टात तर दुसरा वाचकही नव्हता. उलटतपासणीला उठले, डोकं गरगरलं, प्रश्न सुचेना. घेतलेले तीस रुपये परत करून त्यांनी पक्षकाराला दुसऱ्या वकिलाकडे धाडलं. हे सगळं त्यांनीच आत्मचरित्रात सांगितलंय. ह्या तिन्ही प्रसंगांतला फरक बघा. पहिल्या दोन ठिकाणी माणूस घाबरला तरी त्याचं म्हणणं सभेपर्यंत पोचलं, कारण ते लिहिलेलं होतं आणि वाचणारा हजर होता. तिसऱ्या ठिकाणी दोन्ही नव्हतं.

महाराष्ट्रातलं ह्याच काळातलं उदाहरण आजारपणाचं आहे. न्यायमूर्ती रानडे सामाजिक परिषदेचे प्राण होते, वर्षाअखेरीची तिची बैठक त्यांनी कधी चुकवली नव्हती. १९०० च्या डिसेंबरात परिषद लाहोरला होती आणि रानड्यांना प्रवास झेपणार नाही असं डॉक्टरांचं मत पडलं. त्यांनी आपला निबंध गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे दिला, गोखल्यांनी तो लाहोरला वाचला. १६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले. शेवटचं भाषण त्यांनी केलं ते शिष्याच्या तोंडून. अंथरुणावरच्या माणसाने लिहिलेलं असलं तरी ऐकणाऱ्यांना ते अंथरूण दिसलं नाही.

दिल्लीतला सर्वांत मोठा नमुना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. १९४२ पासून, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं मिळाल्यापासून, त्यांचा मुक्काम मुख्यतः दिल्लीतच होता. २९ ऑगस्ट १९४७ ला घटनेची मसुदा समिती नेमली गेली आणि ते अध्यक्ष झाले. त्याच महिन्यांत मधुमेह आणि पायांच्या नसांची आग त्यांना झोपू देत नव्हती. उपचारासाठी ते मुंबईला येत, तिथेच डॉ. शारदा कबीर भेटल्या. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत लग्न झालं आणि घरातच डॉक्टर आल्या. ह्याच लग्नानंतरच्या सविताबाई, म्हणजे माईसाहेब, ह्यांच्या आठवणी वाचताना इन्सुलिन, पथ्य आणि रात्री उशिरापर्यंतचं काम ह्यांची ओढाताण पानोपानी दिसते.

४ नोव्हेंबर १९४८ ला आंबेडकरांनी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला. दुसऱ्याच दिवशी टी. टी. कृष्णम्माचारी ह्यांनी सभागृहात सांगून टाकलं की समितीच्या सात जणांपैकी कोणी राजीनामा दिला, कोणी वारलं, कोणी परदेशी, कोणी संस्थानांच्या कामात, कोणी प्रकृतीमुळे दिल्लीबाहेर, आणि शेवटी भार एकट्या आंबेडकरांवर पडला. म्हणजे सात जणांच्या समितीत जो आजारी माणूस दिल्लीत उरला त्यानेच काम केलं! त्यानंतर वर्षभर कलमवार चर्चा चालली. ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. उत्तरं द्यायला बहुतेक वेळा उठत ते आंबेडकरच.

२५ नोव्हेंबर १९४९ चं त्यांचं समारोपाचं भाषण आज आपण त्यातल्या इशाऱ्यांसाठी वाचतो, आणि ते रास्तच आहे. मी ते एकदा वेगळ्या नजरेने वाचलं: दमलेल्या माणसाने भाषण कसं रचलं असेल. सुरुवात आकड्यांची आहे. सभा किती दिवस चालली, मसुदा समिती १४१ दिवस बसली, दुरुस्त्या किती. मग आभार, आणि तेही नावानिशी: मूळ आराखडा करणारे बी. एन. राव, क्लिष्ट प्रस्तावांना स्वच्छ कायद्याची भाषा देणारे एस. एन. मुखर्जी, त्यांचा कर्मचारीवर्ग. त्यानंतर टीकेला उत्तरं, आणि सगळ्यात शेवटी देशाला काय सांगायचं ते. वक्ता कुठे भरकटत नाही. अंगात त्राण नसलं तर उत्स्फूर्ततेवर विसंबता येत नाही, म्हणून दमलेल्या वक्त्याला आखणी लागते. आणि श्रेय वाटण्यात सौजन्य आहेच, शिवाय एक साधं वास्तवही आहे की एवढं काम आजारी माणसाच्या एकट्या खांद्यावर उभं राहूच शकलं नसतं. टी. टी. कृष्णम्माचारींचं बोलणं आपण पाठ करतो, बाबासाहेबांनी दिलेलं श्रेय विसरतो.

पुढची दोन वर्षं हिंदू कोड बिलाची. १० ऑगस्ट १९५१ ला त्यांनी नेहरूंना पत्र लिहिलं की प्रकृती बरी नाही, डॉक्टरांच्या हाती जाण्याआधी हे बिल मार्गी लागावं. ते लागलं नाही. सप्टेंबरात त्यांनी राजीनामा दिला. ११ ऑक्टोबरला सभागृहात निवेदन करायचं होतं. उपाध्यक्षांनी त्याची प्रत आधी मागितली आणि वेळही संध्याकाळवर ढकलली. आंबेडकर सभात्याग करून बाहेर पडले आणि निवेदन वार्ताहरांच्या हाती दिलं. सभागृहात एक शब्दही न उच्चारलेलं ते भाषण आज संसदीय इतिहासातल्या सर्वांत जास्त वाचल्या जाणाऱ्या निवेदनांपैकी आहे. कारण ते आधीच लिहून, छापून तयार होतं.

दिल्लीच्याच दुसऱ्या एका अंथरुणाची गोष्ट ह्याच्या थोडी आधीची. व्हेंटनरला ज्याच्या हातून एक कागद वाचला गेला नाही तो तरुण आता ७८ वर्षांचा होता. रेडिओशी गांधीजींचं फारसं जमलं नाही. दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात ते एकदाच गेले, १२ नोव्हेंबर १९४७ ला, कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांसाठी. पण ध्वनिक्षेपकाने त्यांना साथ दिली. १३ जानेवारी १९४८ ला बिर्ला हाउसमध्ये त्यांचं उपोषण सुरू झालं. पहिले दोन दिवस ते प्रार्थनेच्या जागी चालत गेले. मग चालवेना, तेव्हा खोलीत, अंथरुणावर पडल्या पडल्या ध्वनिक्षेपकातून चार वाक्यं बोलले, आणि मोठा मजकूर आधी सांगून उतरवून घेतलेला होता तो दुसऱ्याने वाचून दाखवला. जागा, कागद, दुसरा आवाज, तिन्ही एकाच वेळी. १८ तारखेला सर्व पक्षांच्या लेखी हमीवर उपोषण सुटलं.

ह्या सोयी नाकारणारी परंपराही आपल्याकडे आहे, आणि तिला टाळ्या जास्त मिळतात. बॅरिस्टर नाथ पै हे त्यातलं चटका लावणारं नाव. वेंगुर्ल्याचे, राजापूरमधून १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुका जिंकलेले. ते बोलायला उठले की लोकसभेत पक्ष विसरून ऐकत. हृदयविकार जडलेला होता. १७ जानेवारी १९७१ ला बेळगावात हुतात्मा दिनाच्या सभेत ते बोलले, जीव ओतून बोलले. काही तासांत, १८ तारखेला, हृदयाने साथ सोडली. वय ४८. सीमाभागात आजही त्या भाषणाचा उल्लेख भरल्या डोळ्यांनी होतो, आणि त्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण त्या सभेचा गौरव करताना आपण कधीच विचारत नाही की ते भाषण बसून, वीस मिनिटांत, का होऊ शकलं नसतं. श्रोत्यांनाही वक्त्याला खाली बसवता आलं पाहिजे.

कागद आणि दुसरा आवाज ह्यांचं पुढे यंत्रात रूपांतर झालं. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग मुंबईतल्या परिषदेहून दिल्लीला आले आणि त्यांनी इथे व्याख्यान दिलं. १९८५ मध्ये श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज गेला होता. व्याख्यान आधी संगणकात लिहिलेलं असे, आणि ते एकेक वाक्य यंत्राच्या आवाजात सोडत. रानड्यांचे गोखले आता त्यांच्या चाकाच्या खुर्चीलाच जोडलेले होते. केंब्रिजमध्ये हॉकिंग विद्यार्थी असताना तिथेच संशोधन करणारे जयंत नारळीकर २०२१ च्या डिसेंबरात नाशिकच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, पण प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. भाषण लिहिलेलं होतं, त्यामुळे संमेलनाला अध्यक्ष मिळाला नाही तरी अध्यक्षीय विचार मिळाले. संमेलनाची ही रीत मला आवडते. अध्यक्षाने भाषण आधी लिहून द्यायचं, ते छापायचं. लोक तिची चेष्टा करतात, छापील भाषण कोण वाचतं म्हणून. २०२० च्या जानेवारीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो पाठीच्या असह्य दुखण्यात चाकाच्या खुर्चीवरून उस्मानाबादला आले आणि बोलले, तेव्हा त्या छापील भाषणाचं मोल कळलं असेल.

उस्मानाबादनंतर तीनच आठवड्यांनी, १ फेब्रुवारी २०२० ला, दिल्लीत निर्मला सीतारामन ह्यांचा दुसरा अर्थसंकल्प होता. भाषण चाललं सुमारे दोन तास चाळीस मिनिटं, आजवरचं सर्वांत लांब. शेवटाकडे त्यांना अस्वस्थ वाटायला लागलं, कपाळावर घाम आला, सहकारी मंत्र्यांनी गोड गोळ्या पुढे केल्या. दोन पानं उरली होती. त्यांनी अध्यक्षांना विनंती केली की उरलेला भाग वाचला असं समजावं, आणि तो पटलावर ठेवला. अर्थसंकल्पाला काडीचाही धक्का लागला नाही. करांचे दर छापलेले होते, ते कोणाच्या रक्तदाबावर अवलंबून नव्हते. दोन पानांपूर्वी थांबणं हे त्या दिवशीचं सर्वांत शहाणपणाचं वाक्य होतं, असं माझं मत. फक्त ते दोन तासांपूर्वी सुचायला हवं होतं. १९७७ मध्ये एच. एम. पटेलांनी अंतरिम अर्थसंकल्पाचं भाषण आठशेच्या आसपास शब्दांत उरकलं होतं.

मग करोना आला, आणि नियम ३५१ उलटा झाला. १४ सप्टेंबर २०२० ला सुरू झालेल्या पावसाळी अधिवेशनात लोकसभाध्यक्ष ओम बिर्ला ह्यांनी सगळ्याच सदस्यांना बसून बोलायला सांगितलं, तोंडावर मुखपट्टी लावून. उठलं की थुंकीचे तुषार लांब उडतात, हे कारण. जी सवलत आजाऱ्याला मागून घ्यावी लागत होती ती धडधाकटांवर सक्तीची झाली. भाषणांचा दर्जा त्यामुळे घसरला अशी तक्रार ऐकिवात नाही. त्याच महिन्यांत गुरुग्राम, नोएडा, फरिदाबादची सगळी प्रेझेंटेशनं घरच्या खुर्चीत आली. कॅमेऱ्यात छातीपासून वरचा माणूस, पडद्याच्या कडेला चिकटवलेलं टिपण, हाताशी पाणी, आवाज बसला तर सहकारी पुढची स्लाइड सांभाळतो. ज्यांना सभेत बोबडी वळायची अशी कितीतरी माणसं तेव्हा नीट बोलली.

स्लाइडचंही ह्या वंशावळीत स्थान आहे. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये मॅकिंटॉशवर आला आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने तो विकत घेतला. मुळात स्लाइड ही मजमुदारांना देता येण्याजोगी चिठ्ठी आहे, भिंतीवर मोठी करून लावलेली. पण स्लाइडवर तीन शब्द आणि चित्र ठेवायची फॅशन आली, आणि मजकूर वक्त्याच्या डोक्यात परत गेला. मग तो माणूस सकाळी तापाने फणफणला तर त्याच्या जागी दुसऱ्याला त्या स्लाइडवरून काहीच बोलता येत नाही.

शाहजहान रोडवरच्या धोलपूर हाउसमध्ये दरवर्षी महाराष्ट्रातून शेकडो मुलं-मुली लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीला येतात. २७५ गुणांचा सवाल. आदल्या रात्री कोणाचं पोट बिघडतं, कोणाला दिल्लीच्या थंडीने ताप भरतो. तिथे निदान खुर्ची मिळते. मुलाखत बसूनच असते, आणि हवं तर दुभाष्यामार्फत मराठीतूनही देता येते. ही दुसऱ्या आवाजाची सोय फार थोडे घेतात. इंग्रजीत अडखळणं मराठीत स्पष्ट बोलण्यापेक्षा प्रतिष्ठेचं वाटतं, हे दुर्दैव.

२१ फेब्रुवारी २०२५ ला विज्ञान भवनात ९८ व्या मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन झालं. १९५४ नंतर दिल्लीतलं हे दुसरं संमेलन. स्वागताध्यक्ष शरद पवार, वय ८४, तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन दोन दशकं झालेली. ते भाषण करून जागेवर परतले तेव्हा पंतप्रधानांनी त्यांना बसायला खुर्ची सावरून दिली आणि पेल्यात पाणी ओतून पुढे केलं. चित्रवाहिन्यांनी त्यात दिवसभर राजकारण शोधलं. ऑक्टोबर २०१९ मधलं साताऱ्याचं त्यांचं भर पावसातलं भाषण मात्र महाराष्ट्राला तोंडपाठ आहे.

पुढच्या वेळी कार्यक्रम ठरवणारे तुम्ही असाल, तर व्यासपीठावर बोलण्याच्या जागेशेजारी एक रिकामी खुर्ची आणि पाणी ठेवायला सांगा, कोणी मागायची वाट न बघता. आणि बोलणारे तुम्ही असाल तर भाषण पूर्ण वाक्यांत लिहा, आदल्या दिवशी त्याची एक प्रत अशा सहकाऱ्याच्या हाती द्या ज्याला ते वाचता येईल, आणि शेवटची दोन पानं आधीच गाळा.